इंग्रजीच्या अनेक ढबींपैकी आपल्याला नेमके काय आवडते, हे कसे पारखावे

‘मला ब्रिटिश ॲक्सेंट आवडतो, अमेरिकन तेवढा आवडत नाही’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते आणि त्यावर सहसा कोणी उलट प्रश्न विचारत नाही. वास्तविक हे विधान इतके ढोबळ आहे की त्यातून बोलणाऱ्याची आवड कळतच नाही. ग्लासगोचा बसचालक, लिव्हरपूलचा फुटबॉलपटू, वेल्समधली शाळामास्तरीण आणि राजघराण्यातील व्यक्ती हे सगळे ब्रिटिशच. पण त्यांच्या बोलण्यात एकमेकांपासून जितके अंतर आहे तितके शिकलेल्या लंडनकराच्या आणि शिकलेल्या सिडनीकराच्या बोलण्यातही नसते. अमेरिकेचेही तसेच आहे. बोस्टनचा जुना रहिवासी, अलाबामाचा शेतकरी आणि मिनेसोटातला दुकानदार एका ‘अमेरिकन’ या शब्दात कोंबले की उरते ती आवड नव्हे, फक्त चित्रपटांनी डोक्यात ठेवलेली एक पुसट प्रतिमा.

आपली आवड याहून नेमकी करता येते. तिच्यात प्रत्यक्ष ध्वनीचा वाटा किती, सवयीचा किती आणि त्या ढबीभोवती जमलेल्या ऐकीव प्रतिष्ठेचा किती, हे बऱ्याच अंशी वेगळे काढता येते. त्यासाठी ध्वनिशास्त्राची पदवी लागत नाही. मोबाइल, बऱ्यापैकी हेडफोन, एक वही आणि पंधरा दिवस रोज अर्धा तास एवढे पुरते. या लेखात ढब म्हणजे केवळ उच्चार आणि हेल असे धरले आहे. शब्दांची निवड आणि व्याकरण तिच्यात मोजायचे नाही, कारण सिंगापूरच्या बोलण्यात वाक्याच्या शेवटी येणारा ‘ला’ किंवा टेक्सासकराचे ‘यॉल’ आवडणे ही शब्दांची आवड झाली, आणि दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की पुढची सगळी नोंद गढूळ होते.

ऐकण्याची सामग्री

पहिली अडचण अशी की वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या विषयांवर बोलत असतात. विनोद सांगणारा आयरिश माणूस आणि करारातील अटी वाचून दाखवणारा कॅनडियन वकील यांची तुलना केली, तर आपण ढबीला नव्हे, विनोदाला गुण देऊन बसतो. यावर उत्तम उपाय म्हणजे अनेकांनी वाचलेला एकच मजकूर ऐकणे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या ‘स्पीच ॲक्सेंट आर्काइव्ह’ या संग्रहात जगभरातील दोन हजारांहून अधिक लोकांनी वाचलेला ६९ शब्दांचा एकच परिच्छेद ध्वनिमुद्रित स्वरूपात ठेवलेला आहे. स्टेला नावाच्या मुलीला बाजारातून काही वस्तू आणायला सांगण्याचा हा परिच्छेद साहित्य म्हणून अगदीच नीरस आहे, पण इंग्रजीतील बहुतेक ध्वनी त्यात मुद्दाम बसवलेले आहेत. पॉल मायर यांनी १९९८ च्या सुमारास सुरू केलेला ‘इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश आर्काइव्ह’ हा दुसरा संग्रह प्रामुख्याने नटांसाठी आहे. त्यात ठरावीक उताऱ्याबरोबरच प्रत्येक व्यक्तीचे थोडे मोकळे बोलणेही ऐकायला मिळते. दोन्ही संग्रह इंटरनेटवर विनामूल्य आहेत.

मजकूर वाचताना माणूस थोडा अवघडतो आणि शाळेतला उच्चार करू पाहतो, म्हणून दुसरी सामग्री उत्स्फूर्त बोलण्याची हवी. या बाबतीत मराठी श्रोता नशीबवान आहे, कारण क्रिकेटच्या समालोचनाने त्याच्या कानाची अर्धी तयारी आधीच करून ठेवलेली असते. जेफ्री बॉयकॉट यांची यॉर्कशायरची ढब, डेव्हिड लॉइड यांची लँकेशायरची, रिची बेनॉ यांची संयत ऑस्ट्रेलियन, इयन स्मिथ यांची न्यूझीलंडची, मायकेल होल्डिंग यांची जमैकाची, टोनी कोझियर यांची बार्बाडोसची, इयन बिशप यांची त्रिनिदादची आणि शॉन पोलॉक यांची दक्षिण आफ्रिकेची ढब घराघरांत ऐकली गेली आहे. विषय एकच, परिस्थिती एकच आणि प्रसंगाचा ताणही तोच, त्यामुळे तुलनेसाठी याहून चांगली सोय नाही. नभोवाणीवर इंग्रजी समालोचन ऐकत आलेल्या पिढीला हॅम्पशायरचे जॉन आर्लट यांचा संथ, जड आवाजही आठवत असेल. इंग्लंडच्या दक्षिण भागातल्या जुन्या ग्रामीण ढबीचा त्यांच्याइतका प्रसिद्ध नमुना क्वचितच सापडेल.

चित्रपट आणि मालिका मात्र या कामी पहिल्या आठवड्यात टाळाव्यात. त्यांतला नट पुष्कळदा दुसऱ्याच देशाचा असतो, ढब प्रशिक्षकाकडून घोटून घेतलेली असते, आणि मुख्य म्हणजे ती पात्राच्या स्वभावाला चिकटवलेली असते. खलनायकाला अभिजात ब्रिटिश ढब देण्याची हॉलिवूडची खोड सर्वांच्या परिचयाची आहे. मराठी चित्रपटांत वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्याच्या वाट्याला बहुधा विनोदी भूमिकाच का येते, याचा ज्याने कधी विचार केला असेल त्याला हा मुद्दा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

नाव न कळता ऐकणे

घरातल्या एखाद्या व्यक्तीला दहा-बारा ध्वनिमुद्रणे निवडून, क्रम बदलून लावायला सांगावे. कोण कुठला हे आपल्याला कळता कामा नये आणि पडद्यावर चेहराही दिसता कामा नये. चेहऱ्याचा मुद्दा किरकोळ नाही. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एकाच आवाजातील एकच व्याख्यान ऐकवले गेले. काहींना व्याख्याती म्हणून गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवले आणि काहींना पूर्व आशियाई स्त्रीचे. दुसऱ्या गटातील विद्यार्थ्यांना त्याच आवाजात परकी ढब जाणवली आणि व्याख्यानही कमी समजले. आवाज तोच असताना डोळ्यांनी कानाला फसवले. म्हणून डोळे मिटून ऐकण्याला पर्याय नाही.

वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात कानाला कसे वाटले ते लिहावे, दुसऱ्यात किती समजले ते, आणि तिसऱ्यात बोलणारी व्यक्ती कशी असावी असे वाटले ते. गुण देण्याऐवजी शब्द लिहावेत: कोरडे, गोल, तुटक, गाणारे, नाकातले, घाईचे. तिसरा रकाना लिहिताना संकोच करू नये. ‘हुशार’, ‘उद्धट’, ‘खेडवळ’, ‘विश्वासू’ असे जे मनात येईल ते तसेच उतरवावे, कारण पुढे आपल्याला खरे काम त्याच रकान्यात करायचे आहे. स्वतःला उदार ठरवण्यासाठी तो कोरा ठेवणारा श्रोता या सगळ्या खटाटोपातून काहीच मिळवत नाही.

कान कुठे लावावा

‘छान वाटते’ याच्या पुढे जायचे असेल तर कानाला काही ठिकाणे नेमून द्यावी लागतात. मराठी श्रोत्याजवळ त्यासाठी एक तयार मोजपट्टी आहे: मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द. क्लास, डॉक्टर, कप, वॉटर, गोल, पेन एवढे शब्द घेतले तरी बराच प्रदेश मापता येतो.

सुरुवात ‘र’पासून करावी, कारण त्याच्याने सर्वांत मोठी फाळणी होते. स्वरानंतर येणारा ‘र’ स्कॉटलंड, आयर्लंड, कॅनडा आणि अमेरिकेचा बहुतांश भाग येथे स्पष्ट ऐकू येतो; लंडन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा बराचसा भाग आणि दक्षिण आफ्रिका येथे तो लोपतो आणि ‘कार’चे नुसते ‘का’ उरते. अपवाद लक्षात ठेवण्याजोगे आहेत. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात हा ‘र’ टिकून आहे, आर्लट यांच्या बोलण्यातली जडता काही अंशी त्यातलीच; उलट बोस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या जुन्या ढबीत तो नाही. कॅरिबियन बेटांना ‘वेस्ट इंडियन ॲक्सेंट’ म्हणून एकाच गठ्ठ्यात बांधणाऱ्यांनी कोझियर आणि बिशप यांची ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत. बार्बाडोसच्या बोलण्यात ‘र’ ठळक आहे, त्रिनिदादच्या बोलण्यात तो गळतो, आणि त्रिनिदादचा हेल इतका चढउतारांचा आहे की लांबून ऐकणाऱ्याला शब्दांआधी चालच ऐकू येते.

मग स्वरांकडे वळावे. ‘क्लास’मधला आपला दीर्घ ‘आ’ दक्षिण इंग्लंडचा आहे. यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये तो आखूड होतो, अमेरिकेत ‘क्लॅस’ होतो, आणि ऑस्ट्रेलियात ‘क्लास’ दीर्घ असूनही ‘डान्स’ पुष्कळांच्या तोंडी ‘डॅन्स’ असतो. ‘डॉक्टर’मधला ‘ऑ’ अमेरिकेत ओठ उघडून ‘आ’कडे सरकतो. ‘कप’ हा शब्द उत्तर इंग्लंड ओळखण्याची खात्रीची खूण आहे: तेथे त्याचा स्वर ‘पुट’मधल्या स्वरासारखा असतो, त्यामुळे ‘कुप’सारखे ऐकू येते. बॉयकॉट एखाद्या गोलंदाजीला ‘रबिश’ म्हणत तेव्हा त्यातला पहिला स्वर ‘रु’कडे झुकलेला असे, आणि त्या शब्दातला निम्मा तुच्छतेचा जोर त्या स्वरातूनच येई, असे माझे मत आहे. न्यूझीलंड ओळखायला ‘पेन’ आणि ‘फिश’ पुरेत. तेथे ‘पेन’ ‘पिन’च्या जवळ जाते आणि ‘फिश’मधला ‘इ’ मागे सरकून ‘फश’सारखा ऐकू येतो. शेजारच्या ऑस्ट्रेलियात हाच ‘इ’ ‘फीश’कडे ओढला जातो, आणि एवढ्याशा फरकावर दोन्ही देशांतील लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची थट्टा करत आले आहेत.

मराठी कानाला सर्वांत जवळची खूण मात्र ‘गो’ आणि ‘डे’ या शब्दांत आहे. मराठीतले ‘ओ’ आणि ‘ए’ एकसंध असतात. उच्चार सुरू झाल्यापासून संपेपर्यंत जीभ आणि ओठ जागचे हलत नाहीत. दक्षिण इंग्लंडमध्ये, अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात या शब्दांतले स्वर सरकते असतात; ऑस्ट्रेलियन ‘डे’ नवख्याला ‘डाय’ वाटावा इतका सरकतो. स्कॉटलंडमध्ये, वेल्सच्या बऱ्याच भागात, यॉर्कशायरच्या जुन्या ढबीत आणि कॅरिबियनच्या काही बेटांवर मात्र हे स्वर आपल्यासारखेच स्थिर आहेत. स्कॉटिश माणसाच्या तोंडून ‘डॉक्टर’ हा शब्द ऐकावा: ‘ऑ’ही आहे आणि शेवटचा ‘र’ही. बोलण्याचा वेग बाजूला ठेवला तर स्कॉटिश स्वर आपल्या इंग्रजीशी जितके जुळतात तितके लंडनचे जुळत नाहीत. मुंबईत १८३२ मध्ये शाळा सुरू करणारे जॉन विल्सन स्कॉटिश होते, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनही स्कॉटिश होते; पण हे साम्य त्यांच्या शिकवणीतून आले असे मानण्याची गरज नाही, कारण मराठीचे स्वर मुळातच तसे आहेत. आयर्लंडशी जवळीक दुसऱ्या वाटेने येते. इंग्रजीतला जीभ दातांत धरून काढायचा ‘थ’ आपण दंत्य करतो, आणि आयर्लंडमध्येही पुष्कळ जण तो दंत्य ‘त’ आणि ‘द’ असाच उच्चारतात.

व्यंजनांत आणखी दोनच ठिकाणे सांगतो. ‘वॉटर’मधला ‘ट’ अमेरिकेत जिभेच्या एका हलक्या फटक्यात ‘ड’ आणि ‘र’ यांच्या मधला होतो, तर लंडनच्या सामान्य बोलण्यात तो घशातच अडतो आणि ‘वॉ–अ’ असे दोन तुकडे उरतात. लिव्हरपूलमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘क’ घासत येतो आणि उर्दूतल्या ‘ख़’सारखा ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकात दुष्काळामुळे तेथे आलेल्या आयरिश लोकांनी त्या शहराची ढब आसपासच्या लँकेशायरपासून इतकी वेगळी केली की पाऊण तासाच्या रेल्वेप्रवासावरचे मँचेस्टर ऐकायला दुसराच मुलूख वाटतो.

हेल शेवटी ऐकावा, कारण त्याच्यामुळे बाकी काही ऐकू येईनासे होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये साध्या विधानाचा शेवटही अनेकदा वर चढतो. तो प्रश्न नव्हे, ‘ऐकता आहात ना’ एवढीच चाचपणी असते. वेल्सचा हेल झोके घेतो, न्यूकासलचा उंच जातो, बर्मिंगहॅमचा खाली ओढला जातो.

सवयीचा वाटा वेगळा काढणे

पहिल्या ऐकण्यात न आवडलेल्या ढबींपैकी निम्म्या केवळ अनोळखी असतात. समजायला कष्ट पडले की मन त्या कष्टांचा राग आवाजावर काढते. येथे वहीतला दुसरा रकाना उपयोगी पडतो: जी ढब कमी समजली आणि कमी आवडली, तिच्याविषयीचे मत तूर्त राखून ठेवावे. कान फार लवकर रुळतो. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत परकी ढब असलेले इंग्रजी ऐकताना सुरुवातीला मंदावलेले आकलन एका मिनिटाच्या आत सावरू लागल्याचे दिसले. अर्थात प्रयोगशाळेतली सुटी वाक्ये आणि ग्लासगोमधल्या दोन मित्रांच्या गप्पा यांत फरक आहे. तेथे मिनिटांऐवजी काही दिवस लागतील.

यासाठी मत राखून ठेवलेल्या ढबींपैकी दोन निवडाव्यात आणि आठवडाभर रोज वीस मिनिटे त्यांच्याच सहवासात राहावे. बीबीसी रेडिओ स्कॉटलंड, आयर्लंडचे आरटीई, न्यूझीलंडचे आरएनझेड यांचे कार्यक्रम इंटरनेटवर सहज मिळतात. त्यांत बातम्यांपेक्षा श्रोत्यांच्या फोनचे किंवा शेतीविषयक कार्यक्रम निवडावेत, कारण बातमीदाराची ढब बहुधा घासून गुळगुळीत केलेली असते. आठवड्यानंतर पहिलेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावून नवी नोंद करावी आणि मगच जुनी वाचावी. नावड सवयीअभावी होती की खरी होती, हे या दोन नोंदींच्या अंतरावरून कळते. आवड गेली असेल तर तीही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावी. काही ढबी केवळ नवलाईमुळे गोड लागतात आणि आठ दिवसांत शिळ्या होतात.

प्रतिष्ठेचा वाटा वेगळा काढणे

आता तिसरा रकाना उघडावा. तेथे लिहिलेल्या शब्दांपैकी एकही शब्द ध्वनीत नसतो. विल्यम लबोव्ह यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत केलेली पाहणी या बाबतीत आजही अजोड आहे. सॅक्स हे श्रीमंतांचे दुकान, मेसीज मध्यमवर्गाचे आणि क्लाइन स्वस्ताईचे. प्रत्येक ठिकाणी चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूची चौकशी करून ते विक्रेत्यांकडून ‘फोर्थ फ्लोर’ हे शब्द काढून घेत आणि त्यात ‘र’ येतो का ते टिपून ठेवत. सॅक्समधील ६२ टक्के, मेसीजमधील ५१ टक्के आणि क्लाइनमधील केवळ २० टक्क्यांच्या आसपास विक्रेत्यांच्या बोलण्यात ‘र’ कमी-अधिक आढळला. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये ‘र’ उच्चारणे हे वरच्या वर्गाचे लक्षण झाले होते. त्याच काळात लंडनमध्ये ‘र’ गाळणे हे शिष्टतेचे लक्षण होते आणि तो उच्चारणारा खेडवळ ठरत होता. ध्वनी एकच, पण अटलांटिक ओलांडताच त्याची प्रतिष्ठा उलटी होते. तेव्हा प्रतिष्ठा ध्वनीतून निघते हे म्हणणे टिकत नाही.

ज्याला ही उतरंड ठाऊकच नाही त्याच्या कानाला काय वाटते, हेही तपासले गेले आहे. हॉवर्ड गाइल्स, पीटर ट्रडगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये ग्रीक भाषेच्या दोन ढबी, अथेन्सची प्रतिष्ठित आणि क्रीट बेटाची ग्रामीण, ग्रीक न येणाऱ्या ब्रिटिश श्रोत्यांना ऐकवल्या. ग्रीक लोकांना जो फरक उघड वाटतो तो या श्रोत्यांना जाणवलाच नाही. याच्या उलट टोकाला बीबीसीची ‘व्हॉइसेस’ ही पाहणी आहे. २००४ मध्ये पाच हजारांहून अधिक ब्रिटिश लोकांनी ३४ ढबींना प्रतिष्ठा आणि गोडवा या दोन्हींसाठी गुण दिले. बर्मिंगहॅम तळाशी गेले, दक्षिण आयर्लंड आणि स्कॉटलंड गोडव्यात वरच्या भागात राहिले. या पाहणीत लोकांना आवाज ऐकवलेच नव्हते, केवळ ढबींची नावे वाचायला दिली होती. बर्मिंगहॅमचे स्वर न ऐकताच ते कुरूप ठरले. औद्योगिक शहर, धुराडी, कारखाने ही प्रतिमा त्याला पुरली.

मराठी वाचकाचा या उतरंडीशी संबंध नाही असे नाही. आपल्यापर्यंत तिची एक प्रत आली आहे. बीबीसीची स्थापना १९२२ ची. तिच्या निवेदकांची जी ढब जगभर गेली ती इंग्लंडमध्येही अल्पसंख्य लोकांचीच होती, आणि १९४१ मध्ये यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांनी राष्ट्रीय बातम्या वाचायला सुरुवात केली तेव्हा खुद्द इंग्लंडमधल्या श्रोत्यांनी तक्रारी केल्या. आपल्याकडे ती ढब कॉन्व्हेंट शाळांमार्फत ‘शुद्ध इंग्रजी’ म्हणून पोहोचली, पुढे पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांनी ‘न्यूट्रल ॲक्सेंट’ नावाचा दुसरा आदर्श आणला, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्याची इंग्रजी या दोन्हींच्या खाली ठेवली गेली. म्हणून दहा-बारा ध्वनिमुद्रणांत दोन भारतीय आवाज अवश्य असावेत. त्यातला एक मराठी वळणाचा असल्यास उत्तम. त्या आवाजासमोर तिसऱ्या रकान्यात आपण काय लिहितो, हे पाहणे बरेचदा अस्वस्थ करणारे ठरते. मॉन्ट्रियलमध्ये वॉलेस लँबर्ट यांनी १९६० मध्ये दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या व्यक्तींचे फ्रेंच आणि इंग्रजी आवाज, माणूस एकच आहे हे न सांगता, ऐकवले. तेव्हा फ्रेंच भाषक विद्यार्थ्यांनीच फ्रेंच आवाजांना कमी लेखले होते.

तिसऱ्या रकान्यातील प्रत्येक शब्दापुढे एकच प्रश्न लिहावा: हे मला या आवाजातल्या कोणत्या ध्वनीवरून कळले? ‘गाणारे’ या शब्दाला हेल दाखवता येतो, ‘तुटक’ला घशात अडलेला ‘ट’ दाखवता येतो. ‘हुशार’ला काहीच दाखवता येत नाही, तो शब्द खोडावा.

उरलेली आवड

एवढे गाळल्यावर जे उरते ते खुशाल आपले मानावे. त्याला समर्थनाची गरज नाही. माझ्यापुरते सांगायचे तर यॉर्कशायर आणि स्कॉटलंडचा पूर्व किनारा मला अव्वल वाटतात, कारण स्थिर स्वर आणि नेटके व्यंजन यांची माझ्या कानाला ओढ आहे. बार्बाडोसची ढब त्याखालोखाल. न्यूझीलंडच्या स्वरांची गंमत वाटते, पण तासभर ऐकवत नाही. जुन्या बीबीसीची ताठ ढब मला सवयीनंतरही कोरडीच वाटते, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील लांबवलेले स्वर, ज्यांना खुद्द अमेरिकेत अनेक जण नाके मुरडतात, ते मला फार सुखद वाटतात. दुसऱ्याची यादी याच्या नेमकी उलट असू शकते आणि दोन्ही याद्या बरोबर असू शकतात.

ऐकण्याची आवड आणि बोलण्यासाठी निवडायची ढब या गोष्टी मात्र वेगळ्या ठेवाव्यात. आवडते म्हणून स्कॉटिश बोलू लागणारा नागपूरकर कोणालाच पटणार नाही. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये दाखवल्याप्रमाणे ढब ठळक असणे आणि बोलणे न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढब जाड असूनही शब्द न्‌ शब्द समजू शकतो. मग बदलायचे ते समजण्याच्या आड येणारे तेवढेच. परस्परांचे बोलणे समजण्यासाठी कोणते उच्चार सांभाळणे आवश्यक आहे याची जेनिफर जेन्किन्स यांनी २००० मध्ये मांडलेली यादी आहे; तिच्या आधारे मराठी भाषकापुरते बोलायचे तर दंत्य ‘थ’ तसाच राहू द्यावा, कारण त्याने कोणाचे अडत नाही. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’, ‘ट’, ‘क’ यांना मात्र थोडा श्वास द्यावा. पूर्ण महाप्राण नको, पण आपला कोरडा ‘प’ परक्या कानाला ‘ब’ वाटतो आणि ‘पिन’चे ‘बिन’ होते. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतले ऱ्हस्व-दीर्घ सांभाळावे. ‘व’चे दोन प्रकार वेगळे करावेत: ‘व्हॅन’साठी वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, ‘वॉटर’साठी लागता कामा नयेत. मराठी लेखन येथे जरा दिशाभूल करते, कारण ‘व्हॅन’ आणि ‘व्हाइट’ दोन्ही आपण सारखेच लिहितो. शेवटी, वाक्यातल्या ज्या शब्दाला महत्त्व आहे त्यावरच आघात द्यावा. सर्व शब्द समान जोराने म्हणण्याची आपली सवय परक्या श्रोत्याला थकवते.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी एखाद्या ठरावीक शहरी जाणाऱ्याने आवडीचा क्रम बाजूला ठेवून त्याच शहराच्या स्थानिक रेडिओपासून सुरुवात करावी. ग्लासगोला निघालेल्याला लंडनच्या बातम्या ऐकून फारसा लाभ होत नाही. आणि मुलाखत घेणाऱ्याच्या किंवा परीक्षकाच्या खुर्चीत बसण्याची वेळ आली तर पहिली दोन-तीन मिनिटे साध्या चौकशीत घालवावीत, म्हणजे उमेदवाराच्या ढबीला कान रुळेपर्यंत महत्त्वाचा प्रश्न विचारला जाणार नाही. फोनवर कोणाचे बोलणे समजले नाही तर ‘तुमचा ॲक्सेंट कळत नाही’ असे म्हणण्याऐवजी जेवढे समजले तेवढे आपण म्हणून दाखवावे आणि राहिलेला शब्द किंवा आकडा तेवढाच पुन्हा विचारावा. समोरचा माणूस तोच शब्द अधिक सावकाश उच्चारतो आणि संभाषण पुढे सरकते.